टॅरो भविष्यासाठी नको, स्वतःला समजून घेण्यासाठी हवंय. पद्धत कशी ठेवावी?

रानजाई

टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते; त्यातला रायडर-वेट-स्मिथ नावाचा ७८ पत्त्यांचा कॅट घेतला आहे. लग्न कधी, नोकरी कधी, हे मला कार्डांना विचारायचंच नाही. मनात जे चाललंय ते जरा लांबून बघता यावं, एवढ्यासाठी टॅरो हवंय. सध्याची रीत अशी: सकाळी एक कार्ड काढायचं, सोबतच्या पुस्तिकेत अर्थ वाचायचा, "हो, पटतंय" म्हणायचं आणि कामाला लागायचं. दुपारी कार्ड कुठलं होतं तेही आठवत नाही.

माझे प्रश्न: कार्डाला विचारायचा प्रश्न कसा मांडावा? पुस्तिका न उघडता चित्र कसं वाचतात? गेल्या १४ दिवसांत एट ऑफ स्वोर्ड्स (आठ तलवारींचं कार्ड) दोनदा आलं, त्याला काही अर्थ द्यायचा का? डेथ किंवा टॉवर निघालं की छातीत धस्स होतं, तेव्हा काय करावं? आणि उलटी आलेली कार्डं उलटीच वाचायची का?

ज्यांचा हात यावर बसलेला आहे त्यांनी वेळ, पायऱ्या, नेहमीच्या चुका असं सविस्तर सांगितलं तर फार मदत होईल.

---

अक्षरवेल

रानजाई, तुमच्या रीतीत एकच गोष्ट चुकीच्या जागी आहे, ती म्हणजे पुस्तिका. ती सगळ्यात शेवटी यायला हवी. पुस्तिकेतली वाक्यं इतकी ऐसपैस असतात की कुणालाही बसतात. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गाची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येक विद्यार्थ्याला "हे तुझं व्यक्तिचित्र" म्हणून मजकूर दिला. सगळ्यांच्या हातात तोच एक मजकूर होता. तरीही तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणून "पटतंय" या भावनेवर थांबायचं नाही. ती जवळजवळ कुठल्याही कार्डाला येते.

पद्धत सांगते. एका बैठकीला २० मिनिटं धरा. वही आणि पेन हवं. फोन दुसऱ्या खोलीत.

आधी प्रश्न लिहा, मग पत्ते पिसा. हा क्रम मोडू नका. कार्ड बघितल्यावर प्रश्न ठरवला की प्रश्न नकळत कार्डाला साजेसा होतो आणि जे टाळायचं होतं ते आपण आरामात टाळतो. प्रश्न तारखेसकट वहीत उतरलेला असला म्हणजे मागाहून त्याला वळवता येत नाही.

प्रश्नाची घडण हा या सगळ्यातला सर्वात कसाचा भाग आहे. "होईल का", "कधी होईल" आणि "अमक्याच्या मनात काय आहे" हे तीन साचे बाद करा. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर तुमच्या आत नाही, आणि तिसऱ्याचं दुसऱ्या माणसाकडे आहे. "मला ही नोकरी मिळेल का?" याऐवजी "पगार बाजूला ठेवला तर या नोकरीत मला काय हवंय?" असं लिहा. "सासूबाई माझ्याशी अशा का वागतात?" याऐवजी "त्यांच्याशी बोलताना मी नेमकी कुठल्या विषयावर गप्प होते?" असं विचारा.

"का" या शब्दाशी जपून. "मी अशी का आहे?" असा प्रश्न घेऊन बसलं की वीस मिनिटं स्वतःला दोष देण्यात जातात आणि हाती काही लागत नाही. त्याच जागी "काल मी चिडले, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय काय झालं?" असं विचारलं की लिहायला खरंखुरं काही सापडतं. "काय", "कुठे", "कुणासमोर", "कशानंतर" हे शब्द कामाचे.

कार्ड काढल्यावर पहिली ३ मिनिटं फक्त वर्णन. अर्थ नाही, भावना नाही. न बघणाऱ्या माणसाला फोनवरून सांगतोय असं. तुमचं एट ऑफ स्वोर्ड्सच घेऊ. एक बाई उभी आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बंध. आजूबाजूला आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या. पायाशी ओल आणि पाणी. मागे उंचावर गढी. एवढं लिहून झालं की पुन्हा एकदा बघा आणि पहिल्या नजरेतून सुटलेलं शोधा. पाय बांधलेले नाहीत. तलवारींचं कडं पुरं होत नाही, समोरची बाजू मोकळी आहे. पहारेकरी कुठेच नाही. या दुसऱ्या नजरेसाठीच तर चित्राचा कॅट वापरायचा. "मी अडकले आहे" हे वाक्य डोक्यात शंभरदा फिरलं तरी त्यात पाय दिसत नाहीत, चित्रात ते दिसतात.

मग ८ ते १० मिनिटं सलग लेखन. हात थांबवायचा नाही, वाक्य खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. तीन प्रश्न पुरतात: माझी नजर आधी कुठे गेली? या चित्रात मी कोण? (दर वेळी मधली व्यक्तीच असं नाही. कधी आपण मागची गढी असतो, कधी तलवारी रोवणारा आणि चित्रात नसलेला माणूस.) आणि हे चित्र आत्ता हललं तर पुढच्या क्षणी काय होईल?

यानंतर पुस्तिका, २ मिनिटं. तिथला जो शब्द तुमच्या लिखाणाशी जुळत नाही तोच उचला आणि त्यावर दोन ओळी लिहा. जुळणारे शब्द सोडून द्या, ते तुम्ही आधीच लिहिलेले आहेत.

शेवटची ओळ: येत्या २४ तासांत करायची एक कृती, वेळेसकट. "स्वतःवर विश्वास ठेवीन" ही कृती नव्हे. "उद्या ११ वाजता रजेचा अर्ज देईन" ही कृती. दहा मिनिटांत उरकेल एवढी लहान हवी, नाहीतर ती वहीतच राहते.

रोज करायचा हट्ट नको. आठवड्यातून तीनदा पूर्ण बैठक, आणि मधल्या दिवशी तेच कार्ड टेबलावर उभं करून ठेवायचं. रोजच्या घाईच्या पाच मिनिटांपेक्षा यात जास्त उतरतं.

---

तळटीप

एट ऑफ स्वोर्ड्स दोनदा येण्याबद्दल. हिशोब करून बघा. ७८ पत्त्यांतून रोज एक काढून परत मिसळला, तर १४ दिवसांत कुठलं ना कुठलं कार्ड पुन्हा येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के आहे. ११ दिवसांतच ती निम्म्यावर जाते. म्हणजे दोन आठवडे एकही कार्ड पुन्हा आलं नसतं तर ते जास्त नवलाचं. "हे कार्ड माझा पाठलाग करतंय" असं वाटायला लागलं की आधी हे आकडे आठवा.

दुसरं, पत्ते नीट पिसले जात नाहीत. आपण कॅट हातात धरून वरचे थोडे थोडे पत्ते पुढे टाकत पिसतो. त्यात गठ्ठे फुटत नाहीत. काल शेजारी असलेली कार्डं आजही शेजारीच राहतात आणि वर ठेवलेलं कार्ड वरच्या नाहीतर तळच्या भागात घुटमळतं. दोन गठ्ठ्यांचे कोपरे एकमेकांत सोडत पिसण्याची रीत यापेक्षा कितीतरी चांगली. ५२ पत्त्यांना अशा सात फेऱ्या पुरतात असं गणित आहे, ७८ ला त्याहून थोड्या जास्त. पण टॅरोचं कार्ड साधारण ७० बाय १२० मिलिमीटरचं, साध्या पत्त्याहून मोठं, त्यामुळे हातात मावत नाही आणि कोपरे मुडपतात. सोपा उपाय: टेबलावर किंवा सतरंजीवर सगळे पत्ते पालथे पसरा, दोन्ही तळव्यांनी पूर्ण एक मिनिट कालवा, गोळा करा, एकदा काटा, वरचं घ्या. कालचं कार्ड परत ठेवताना कॅटच्या मध्ये खोचा.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे: मेजर आर्कानाचं (डेथ, टॉवर अशी खास नावं असलेल्या गटातलं) कार्ड आलं म्हणजे काहीतरी मोठं घडतंय. ७८ पैकी २२ मेजर आहेत. तीन कार्डं काढली तर त्यांत निदान एक मेजर असण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के. दहा कार्डांच्या मांडणीत सरासरी तीनच्या आसपास मेजर येणारच. एखादं विशिष्ट कार्ड, समजा डेथ, तीन कार्डांत येण्याची शक्यता २६ त १. आठवड्यातून तीनदा तीन-तीन कार्डं काढणाऱ्या माणसाला ते सरासरी दोन-सव्वादोन महिन्यांतून एकदा दिसेलच.

हे मी टॅरो मोडीत काढायला लिहीत नाही. कार्ड योगायोगानेच येतं, आणि आत्मचिंतनासाठी तेच तर हवं. आपण स्वतः निवडलेलं चित्र आपल्याला हवं तेच बोलेल. न निवडलेलं चित्र नको असलेल्या कोपऱ्यात नेऊ शकतं.

थोडा इतिहासही सांगतो, कारण भीती बरीचशी त्याच्या अज्ञानातून येते. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालं ते पत्त्यांचा खेळ म्हणून. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी हाताने रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. त्यात गूढ ज्ञान दडलेलं आहे ही कल्पना फ्रान्समध्ये १७८१ साली कूर द जेबलँ यांच्या लिखाणातून रुजली, म्हणजे खेळ सुरू होऊन तीन शतकं उलटल्यावर. तुमच्या हातातला कॅट १९०९ चा, लंडनचा. आर्थर एडवर्ड वेट यांची योजना, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आपल्याकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे, दहा रंगांचे १२० गोल पत्ते. त्यांवर देवांची चित्रं असली तरी तो खेळच आहे. टॅरोची चित्रं हाताळताना तेवढंच मोकळं मन ठेवायला हरकत नाही.

---

पानगळ

अक्षरवेल यांची पद्धत मान्य, फक्त पुस्तिकेबद्दल थोडा मतभेद. चार रंगांचा सांगाडा आधी डोक्यात असावा, नाहीतर मेजर सोडून उरलेली ५६ मायनर कार्डं नुसत्या सुट्ट्या चित्रांसारखी दिसतात. पाठांतर नको. प्रत्येक रंग म्हणजे एक प्रश्न, एवढंच धरा.

कप्स (पेले): मला आत्ता काय वाटतंय आणि ते कुणाबद्दल वाटतंय?
पेंटॅकल्स (नाणी): पैसा, शरीर, घर, वेळ यांचं प्रत्यक्षात काय चाललंय?
स्वोर्ड्स (तलवारी): मी स्वतःला कुठलं वाक्य सतत ऐकवते आहे?
वाँड्स (काठ्या): माझी ताकद कुठे जातेय, आणि कशासाठी?

मग एक ते दहा हा प्रवास: एस (एक्का) म्हणजे नुसती शक्यता, पाचच्या आसपास ओढाताण, दहा म्हणजे त्या गोष्टीचं टोक. टेन ऑफ वाँड्स बघा. माणसाने दहाही काठ्या कवेत घेतल्यात, तोंड त्यांच्यात खुपसलेलं, समोरचं गाव त्याला दिसतच नसणार. जोमाचं टोक गाठलं की ओझं होतं, हे सांगायला पुस्तिका लागत नाही.

पेज, नाइट, क्वीन, किंग या १६ कार्डांवर नवे लोक सगळ्यात जास्त अडखळतात. कारण ते लगेच शोधायला लागतात की हा किंग म्हणजे माझा बॉस की नवरा. आत्मचिंतनासाठी ती दिशा सोडा. ती चार वागण्याच्या तऱ्हा समजा: पेज शिकतोय, नाइट धावतोय, क्वीनने ते आत मुरवलंय, किंग त्यावरून बाहेरचा कारभार चालवतोय. नाइट ऑफ स्वोर्ड्स आलं तर विचारा, आज मी कुठल्या संभाषणात घोडा भरधाव सोडला? हे उत्तर त्याच दिवसात सापडतं.

उलटी कार्डं: पहिले सहा महिने सरळ करून वाचा. ७८ चित्रं नीट बघायला शिकण्याआधी १५६ अर्थांच्या मागे लागलं की माणूस पुस्तिकेलाच चिकटतो. टेबलावर कालवल्यावर निम्मी कार्डं उलटी होणारच, त्यात कसलाही इशारा नाही. पुढे वापरायचीच झाली तर "उलटं म्हणजे वाईट" हा अर्थ घेऊ नका. "हीच गोष्ट कुठे अडली आहे, किंवा मी ती कुठे लपवते आहे?" असा प्रश्न जोडा.

धस्स होणाऱ्या कार्डांबद्दल. नाव झाका आणि चित्र बघा, अगदी अंगठा ठेवून झाका. डेथमध्ये चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे, काळ्या झेंड्यावर पांढरं गुलाब. समोर चार माणसं: राजा आडवा पडलेला, धर्मगुरू उभा राहून विनवतोय, तरुणीने गुडघे टेकून तोंड फिरवलंय, आणि लहान मूल सरळ बघतंय. मागे दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य. प्रश्न एकच लिहा: जे संपत आलंय त्याच्यासमोर या चौघांपैकी मी आत्ता कोण आहे? बघणारं मूल की मान वळवलेली तरुणी, हे ठरवताना हात बराच वेळ चालतो. टॉवरमध्ये वीज पडून माथ्यावरचा मुकुट उडतोय. तिथे विचारा: जे पडतंय ते उभं ठेवायला मी किती ताकद लावत होते? टेन ऑफ स्वोर्ड्समध्ये पाठीत दहा तलवारी आहेत, पण क्षितिजावर पिवळा उजेड आहे. तो दिसायला तिसरं मिनिट लागतं, म्हणून तीन मिनिटं.

आणि इतकं करूनही एखादं चित्र त्या दिवशी सोसत नसेल तर ते पालथं घालून वही मिटा. कार्ड बदलून दुसरं काढू नका, बैठकच थांबवा. दोन्हींत फरक आहे.

एका कार्डाचा सराव झाल्यावर तीन कार्डांकडे या. "भूत, वर्तमान, भविष्य" ही मांडणी नको, तिसरं कार्ड तुम्हाला परत भविष्याकडे ओढतं. त्यापेक्षा: १. मला जे दिसतंय, २. मी जिथे बघत नाही, ३. पुढचं लहान पाऊल. जागांची नावं पत्ते पिसण्याआधी वहीत लिहा. दहा कार्डांची केल्टिक क्रॉस मांडणी एकट्याने बसून चिंतन करायला मोठी पडते. दहा चित्रांत प्रत्येकाला आवडेल ते सापडतं आणि टोचणारं कार्ड गर्दीत हरवतं.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव झाकायची युक्ती लगेच करून बघणार.

तीन कार्डांची मांडणी प्रत्यक्षात कशी वाचायची ते एका उदाहरणावर दाखवाल का? प्रश्न असा धरा: "आईवडिलांना गावाहून कायमचं आपल्याकडे आणण्याच्या निर्णयात मी काय बघायचं टाळते आहे?" कार्डं: १. सिक्स ऑफ स्वोर्ड्स, २. टेन ऑफ वाँड्स, ३. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. मला नुसतं "प्रवास, ओझं, धीर" एवढंच सुचतंय.

---

पानगळ

"प्रवास, ओझं, धीर" हे पुस्तिकेचे शब्द झाले. चित्रात उतरू या.

पहिल्या जागी, जे दिसतंय तिथे, नाव म्हणजे होडी आहे. नावाडी मागे उभा राहून ती ढकलतोय. पुढे एक बाई आणि मूल बसलेलं, दोघांची पाठ आपल्याकडे, चेहरे दिसत नाहीत. सहा तलवारी नावेतच उभ्या. एका बाजूला पाणी खळबळतंय, दुसऱ्या बाजूला शांत. आता प्रश्न पाडा. या नावेत मी कोण? बहुतेक जण "नावाडी" लिहितील. मग ज्यांचे चेहरे दिसत नाहीत ते आईवडील. त्यांना यायचं आहे का, हे त्यांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत शेवटचं कधी ऐकलं? तारीख आठवत नसेल तर तसंच लिहा. तलवारी नावेसोबत येतायत, म्हणजे घरातल्या जुन्या कुरबुरी गावी राहणार नाहीत. कुठल्या दोन-तीन नक्की येतील, त्यांची नावं लिहा.

दुसऱ्या जागी, जिथे बघत नाही तिथे, काठ्यांचा भारा. इथे मोजदाद करा, शब्दशः. दहा काठ्या म्हणजे दहा कामं: दवाखाना, औषधं, जेवणाच्या वेळा, रात्रीचं उठणं, खर्च, खोली, गावच्या घराची देखरेख, त्यांचा सोबतीचा वेळ, तुमची नोकरी, भावंडांशी बोलणी. प्रत्येकीपुढे कुणाचं तरी नाव घाला. दहाही ठिकाणी एकच नाव आलं तर टाळलेली गोष्ट सापडली. ती आईवडिलांबद्दल नाहीच, ती भावंडांशी न झालेल्या बोलण्याबद्दल आहे. (उलटही निघू शकतं. नावं वाटली गेलेली असतील तर ओझ्याची भीती खऱ्या ओझ्याहून मोठी आहे.)

तिसरं पाऊल. शेतकरी कुदळीवर टेकून उभा, वेलीवर सहा नाणी, पायाशी एक. तो काम सोडून गेलेला नाही, नवं काही पेरतही नाही, नुसतं बघतोय. त्या सातव्या, वेगळ्या पडलेल्या नाण्यावरून पाऊल काढता येतं: सगळं एकदम नको, एक तुकडा वेगळा काढून बघू. उदाहरणार्थ "कायमचं" हा शब्द बाजूला ठेवून एक महिना राहायला बोलवायचं, आणि त्याआधी रविवारी संध्याकाळी ७ वाजता भावाला फोन करून दहापैकी तीन काठ्यांचं विचारायचं.

शेवटी तिन्ही चित्रं शेजारी ठेवून फक्त माणसं बघा. पहिल्यात तीन माणसं, दुसऱ्यात एकटा, तिसऱ्यातही एकटा. हा फरक पुस्तिका कधीच सांगणार नाही, कारण ती एकेका कार्डाचं बोलते. कोण कुठे बघतंय, रंग कुठे उतरतो, पाणी कुठे आहे कुठे नाही, हे कार्डांमधलं नातं बघायला ५ मिनिटं राखून ठेवा.

---

अक्षरवेल

पानगळ, माणसं मोजण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो मी लिहायला विसरले होते.

रानजाई, कुठे थांबायचं तेही सांगते, कारण बिघडतं ते तिथेच.

एका प्रश्नाला एकच बैठक. "नीट कळलं नाही" म्हणून लगेच दुसरं कार्ड, मग "खुलासा" म्हणून तिसरं, असं सुरू झालं की आपण चिंतन सोडून मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पत्ते ओढत असतो. त्यातून काळजी कमी होत नाही, उलट पत्ते ओढण्याचीच सवय लागते. तोच प्रश्न पुन्हा घ्यायचा तर मधे निदान सात दिवस जाऊ द्या आणि आधीची कृती केलेली असू द्या. कृती केली नसेल तर कार्ड काढायचं नाही, "का राहिली" यावरच दहा मिनिटं लिहायचं.

आजाराचं निदान, औषध सुरू-बंद करणं, कर्ज, कोर्टाचं काम हे प्रश्न कार्डांसमोर आणूच नका. तिथे जास्तीत जास्त "डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न कुठले?" एवढं चालेल. दुसऱ्या व्यक्तीच्या नकळत तिच्याबद्दल कार्ड काढणंही टाळा. त्यातून निघतो तो आपलाच संशय, आणि तो पुरावा वाटायला लागतो.

रात्री उशिरा, रडू आवरत नसताना किंवा भांडण नुकतंच झालेलं असताना बसू नका. थोडं खाऊन, झोपून, दुसऱ्या दिवशी बसा. झोप उडालेली असणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर कॅट बाजूला ठेवून माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मोफत आणि मराठीतही.

वहीबद्दल: दर नोंदीला तारीख, प्रश्न, कार्ड, नजर आधी कुठे गेली, कृती, आणि कृतीपुढे एक रिकामा चौकोन. ३० नोंदी झाल्या की मागे जाऊन फक्त दोन रकाने वाचा, प्रश्न आणि चौकोन. कार्ड "खरं ठरलं" का ते तपासू नका. वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न किती वेळा आलाय, आणि कुठल्या प्रकारच्या कृतींपुढचे चौकोन रिकामेच आहेत, एवढं बघा. फोन करायच्या सगळ्या कृती राहिलेल्या असतील तर पुढच्या महिन्याचा प्रश्न आयता मिळाला.

---

तळटीप

कॅटबद्दल थोडं राहिलं. ही बघण्याची पद्धत रायडर-वेट-स्मिथवर किंवा त्यावरून बेतलेल्या कॅटवरच चालते, कारण त्यात ५६ मायनर कार्डांवरही प्रसंग रंगवलेले आहेत. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या कॅटमध्ये आठ तलवारी म्हणजे नुसत्या आठ तलवारी, माणूस नाही, गढी नाही. तिथे तीन मिनिटांचं वर्णन तीस सेकंदांत संपतं. शिवाय मार्सेयमध्ये जस्टिस ८ आणि स्ट्रेंग्थ ११, तर तुमच्या कॅटमध्ये स्ट्रेंग्थ ८ आणि जस्टिस ११. एकीकडचं पुस्तक दुसरीकडे वापरलं की आकड्यांचा गोंधळ होतो तो यामुळे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली प्रतींमध्ये छपाई धुरकट असते, आणि या कामात तर बारकावेच बघायचे असतात. पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड असेल, कार्ड पापडासारखं पातळ असेल, तर परत करा. नवा कॅट उघडल्यावर मोजा: २२, मग प्रत्येक रंगाचे १४. एखादं कार्ड दोनदा आणि एखादं गायब असंही निघतं.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कार्डं दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि मधून वाकतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. वाकलेला कॅट सपाट पृष्ठभागावर जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवला की बराच सरळ होतो. ओल्या फडक्याने पुसू नका, कडांमधून पाणी आत जाऊन थर सुटतात. कोरडं मऊ सुती फडकं पुरे.